आकडा आला कुठून?

या महिन्यात आलेले प्रश्न वाचताना एक गंमत लक्षात आली, जवळजवळ प्रत्येकात एक तरी आकडा आहे. दहा हजार, आठ ग्लास, ९८.६, वजनकाट्यावरचा सव्वा किलो. हल्ली बरं वाटतंय की नाही हे अंगाला विचारायच्या आधी आपण मनगटावरच्या पट्ट्याला विचारतो, त्यात मीही आलेच. म्हणून म्हटलं या वेळी आकड्यांचेच प्रश्न एकत्र घ्यावेत आणि प्रत्येक आकड्याला आधी विचारावं की बाबा रे, तू मूळचा कुठला. नेहमीचं एक सांगून ठेवते, मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, पेशंट तपासत नाही, त्यामुळे ज्यांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत त्यांनी ते आपापल्या डॉक्टरांना दाखवा, राग मानू नका.

प्रश्न: ताई, घड्याळ रात्री साडेदहाला सांगतं की अजून १,८०० पावलं बाकी आहेत, मग मी पलंग ते दार, दार ते पलंग अशा येरझाऱ्या घालते. नवरा हसतो, मुलगी म्हणते आई तू पिंजऱ्यातल्या वाघासारखी दिसतेस. पण ९,९९० वर आडवी झाले तर मला खरंच झोप येत नाही. १० हजारच लागतात का हो? वय ५८. — वाघीण

वाघीणबाई, झोपा. ९,९९० वर बिनधास्त झोपा.

हा १० हजार काही प्रयोगशाळेत जन्मलेला नाही, तो दुकानात जन्मलाय. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं सुटलेलं होतं, आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, नाव ठेवलं मान्पोकेई. मान् म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मोजायचं यंत्र. आकडा गोल, तोंडात बसणारा, वर त्यांच्या लिपीतलं दहा हजाराचं अक्षर पाहिलं तर चालायला निघालेल्या माणसासारखंच दिसतं, विकणाऱ्याला अजून काय हवं. पुढे यंत्र कमरेवरून मनगटावर आलं, आकडा मात्र तोच राहिला.

मग मोजूनमापून काय दिसलं? २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी १६,७४१ बायकांचा अभ्यास छापला, सरासरी वय ७२. आठवडाभर त्यांना पावलं मोजणारं यंत्र लावलं आणि नंतर सरासरी चार वर्षांहून थोडा जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. चार हजारावरच एवढा फरक! पुढे फायदा वाढत जातो पण चढ कमी कमी होत जातो, आणि ७,५०० च्या पुढे रस्ता जवळजवळ सपाट. २०२२ मध्ये असे १५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साठीच्या पुढच्यांसाठी ही सपाटी ६ ते ८ हजारांवर आली आणि साठीच्या आतल्यांसाठी ८ ते १० हजारांवर. म्हणजे जाहिरातवाल्यांचा नेम अंधारात मारूनही फार लांब पडला नाही असंच म्हणायला हवं. पण सपाटी म्हणजे सपाटी, तिथे ९,९९० आणि १०,००० मध्ये कडा नाहीये की दहा पावलं कमी पडली की दरीत.

आता यातली एक गोची. जी बाई आधीच आजारी आहे ती कमी चालणारच, मग कमी चालल्याने आजार का आजाराने कमी चालणं? संशोधक ते वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा होत नाही. याचं माझं आवडतं उदाहरण लंडनच्या बसमधलं आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवलं की डबलडेकर बसच्या ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होतो. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वरखाली, सगळं सरळ वाटतं ना? पण याच मॉरिसनी तीन वर्षांनी कंपनीच्या गणवेशाची मापं काढून बघितली, तर ड्रायव्हरांच्या पँटींचा कंबरेचा घेर तरुण वयापासूनच जास्त होता. म्हणजे काही फरक नोकरीने केला, काही फरक माणसं नोकरीला येतानाच घेऊन आली. स्वतःच्याच गाजलेल्या शोधाला स्वतःच असा चिमटा काढणारा माणूस मला फार आवडतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दिवसाला तीन-चार हजारावर असलेल्या माणसाने दोन हजार वाढवले तर त्याला जे मिळेल ते तुम्हाला रात्री साडेदहाच्या येरझाऱ्यांनी मिळणार नाही, तुम्ही आधीच वर पोचलेल्या आहात. आणि घड्याळ हात हलला की पावलं मोजतं, मुलीला चिडवायला उपयोगी पडेल.

प्रश्न: ऑफिसमध्ये सगळ्यांनी पाण्याचं ॲप घेतलंय, दर तासाला टुंग वाजतं आणि सगळे एकदम बाटल्या तोंडाला लावतात. दिवसाला ८ ग्लास झालेच पाहिजेत म्हणे. मी करतोय पण रात्री तीनदा उठावं लागतं. तहान लागली म्हणजे उशीर झालेला असतो हे खरं का? — टुंग

तुम्हाला तीनदा उठवतंय ते बहुतेक ॲपच, पण आधी आकड्याचं कूळ बघू.

याची नेमकी वंशावळ कोणालाच पक्की लावता आलेली नाही, पण एक जुना पुरावा सगळे दाखवतात. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या अन्न आणि पोषण मंडळाने लिहिलं की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. अडीच लिटर म्हणजे झालेच की आठ-दहा ग्लास. पण लगेच पुढे असंही लिहिलेलं होतं की यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडलं, व्हॉट्सॲपच्या पन्नास वर्षं आधीसुद्धा फॉरवर्ड करायची पद्धत हीच होती म्हणायची. फळांत, भाज्यांत, शिजवलेल्या कशातही पाणी असतं, चहा-कॉफीतलं पाणीही पाणीच असतं (नेहमीच्या प्रमाणात ती शरीर कोरडं पाडत नाही), आणि अन्न जाळताना शरीर स्वतःसुद्धा रोज पाव लिटरच्या आसपास पाणी तयार करतं. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या किडनीच्या तज्ज्ञाने हा आठ ग्लासवाला नियम कुठल्या पुराव्यावर उभा आहे हे शोधलं, निरोगी आणि फार घाम न गाळणाऱ्या माणसासाठी त्यांना तसा पुरावा काही सापडला नाही.

आता तहानेचं. हे वाक्य मला अजिबात पटत नाही, कारण ही यंत्रणा शरीरातल्या सगळ्यात चोख यंत्रणांपैकी एक आहे. रक्तातल्या क्षारांची तीव्रता जेमतेम १-२ टक्के वाढली की मेंदूतल्या काही पेशींना ते कळतं, त्या व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सोडायला लावतात, ते किडनीला जाऊन सांगतं की पाणी धरून ठेव, लघवी घट्ट कर. तहानेची हाकही याच सुमाराला येते, म्हणजे खरोखरचं डिहायड्रेशन म्हणतात त्याच्या बरंच आधी. आणि किडनीचा आवाका बघा, ती दिवसाला १८० लिटर पाणी गाळते आणि त्यातलं सुमारे दीड लिटर बाहेर जाऊ देते, बाकी सगळं परत आत. जिला १८० लिटरचा हिशोब ठेवता येतो तिला दर तासाला टुंग वाजवून आठवण करायची!

जास्त पिण्याचाही त्रास असतो, पण तो तुमच्यासारख्यांना सहसा होत नाही, होतो तो थोड्या वेळात खूप पाणी ढोसणाऱ्यांना. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी झालेलं निघालं, आणि ते मुख्यतः धावताना जास्त पाणी प्यालेल्यांचं, धावून वजन घटायच्या ऐवजी वाढलेले लोक होते त्यात. सोडियम फार उतरलं की मेंदूला सूज येते, जीवही जातो.

मात्र तहानेवर विसंबू नये असे लोक आहेत हेही लिहिते. म्हातारपणी तहानेची जाणीव बोथट होते, तिथे घरच्यांनी ग्लास हातात द्यावाच. मुतखडा होऊन गेलेल्यांना मुद्दाम जास्त प्यायला सांगतात आणि हार्ट फेल्युअर किंवा किडनीच्या काही पेशंटना मोजून कमी, त्यांनी डॉक्टरांचाच आकडा पाळावा. तुम्ही ॲप काढून टाका, तहान लागेल तसं प्या, लघवी फिकट पिवळी असली की झालं. आणि टुंग बंद करून दोन आठवडे झाले तरी रात्री तीनदा उठावं लागत असेल तर मग साखर आणि पुरुष असाल तर प्रोस्टेट, दोन्ही तपासून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न: मला रोज संध्याकाळी अंगात कसर वाटते, थर्मामीटर लावला तर ९९, कधी ९९.२. सकाळी ९७.४. घरचे म्हणतात नॉर्मल ९८.६ असतं मग तुझं एकदा वर एकदा खाली का. दोन महिने हेच चाललंय, बाकी काही त्रास नाही, भूक आहे, वजन तेवढंच आहे. — कसर

हा प्रश्न आला आणि मी खुशच झाले, कारण ९८.६ इतका गैरसमज पसरवणारा दशांश दुसरा नसेल.

कार्ल वुंडरलिख नावाचे जर्मन डॉक्टर होते, लाइपझिगचे. त्यांनी सुमारे २५,००० पेशंटची तापमानं घेतली, दहा लाखांवर नोंदी केल्याचं सांगतात, आणि १८६८ च्या पुस्तकात निरोगी माणसाचं तापमान ३७ अंश सेल्सिअस असं लिहिलं. तेव्हाचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब, काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवायचा. आता ३७ हा गोल आकडा आहे, म्हणजे साधारण ३७. पण तो फॅरनहाइटमध्ये बदलला की बरोबर ९८.६ येतो आणि दशांश चिकटल्याबरोबर वाटायला लागतं की काय अचूक मोजलंय! अंदाजाला दशांशाचा कोट घातला की तो साहेब होतो.

१९९२ मध्ये फिलिप मॅकोवियाक यांनी १४८ निरोगी लोकांची ७०० तापमानं घेतली, सरासरी आली ९८.२. त्यांना वुंडरलिखचा एक जुना थर्मामीटरही संग्रहालयात तपासायला मिळाला, तो चांगला दीड अंश सेल्सिअसहून जास्तच दाखवत होता. शिवाय २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी जुन्या नोंदी आणि आताच्या नोंदी जोडून दाखवलं की माणसाचं सरासरी तापमान दीडशे वर्षांत हळूहळू खरोखरच उतरलेलं दिसतं, बहुधा बारीकसारीक दीर्घ जंतुसंसर्ग कमी झाले म्हणून. म्हणजे वुंडरलिख पूर्ण चुकले असंही नाही, त्यांची माणसंच थोडी गरम असावीत.

तुमच्या कामाची गोष्ट मात्र ही की तापमान दिवसभर एक नसतंच. पहाटे सहाच्या सुमाराला ते सगळ्यात खाली असतं आणि दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सगळ्यात वर, आणि या दोन टोकांत सरासरी एक अंश फॅरनहाइटच्या आसपास फरक पडतो, कोणाचा कमी कोणाचा जास्त. मॅकोवियाकांच्या निरोगी लोकांतही संध्याकाळी ९९.९ पर्यंत जाणारे होते. बायकांमध्ये पाळीच्या चक्रात बीज सुटल्यानंतर पाळी येईपर्यंत अर्धा ते एक अंश अजून चढतो. तेव्हा सकाळचं ९७.४ आणि संध्याकाळचं ९९ ही एकाच निरोगी माणसाची दोन टोकं असू शकतात, बऱ्याच ठिकाणी ताप म्हणतात तो १००.४ पासून पुढे.

एक प्रयोग करा. आठवडाभर थर्मामीटर कपाटात ठेवा, घरात दुसऱ्या कोणाचं तरी संध्याकाळी बघा हवं तर, बहुतेक त्यांचंही ९८.८ वगैरे निघेल आणि मग कसर त्यांच्याही अंगात येईल. पण रात्री घाम फुटून कपडे बदलावे लागतायत, वजन उतरतंय, खोकला जात नाहीये असं काही असेल तर मग आकडा ९९ असो नाहीतर ९८, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: काल सकाळी ६८.१, आज ६९.३. काल रात्री फक्त जरा जास्त जेवले. एका रात्रीत सव्वा किलो चरबी??? दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. रडू येतंय. — ६९.३

मेहनत पाण्यात हे तुम्ही बरोबर लिहिलंय, फक्त वेगळ्या अर्थाने. वाढलंय ते पाणीच आहे.

साधा हिशोब करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. सव्वा किलो चरबी एका रात्रीत चढवायची तर गरजेच्या वर नऊ-साडेनऊ हजार कॅलरी खाव्या लागतील, म्हणजे चार-पाच दिवसांचं जेवण एका बैठकीत, तेही पोटात ठेवून. तुम्ही जरा जास्त जेवलात म्हणताय, एवढं नक्कीच नाही. झालं काय तर जेवणातल्या पिष्टमय पदार्थांची जी साखर झाली ती शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. वर मीठ जास्त गेलं असेल तर त्याच्यासाठीही पाणी अडवलं जातं, आणि जे खाल्लंय ते अजून आतड्यातच आहे त्याचं वजन वेगळं. डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो धाडकन उतरतात आणि सगळे खुश होतात ना, तो हाच खेळ उलटा, तेव्हाही उतरतं ते बरंचसं पाणीच. तेव्हा उतरलेलं खरं मानायचं आणि आज चढलेलं पण खरं मानून रडायचं, दोन्ही सोडा. रोज बघायचंच असेल तर सकाळी पोट साफ झाल्यावर बघा आणि सात दिवसांची सरासरी काढा, त्या सरासरीशी मागच्या आठवड्याची सरासरी ताडून पाहा.

आता एक जादाचं, कारण हे सांगायला मला नेहमी मजा येते. चरबी "जळते" म्हणजे ती जाते कुठे? वर्गात विचारलं की पोरं सांगायची घामातून, लघवीतून, कोणी म्हणायचं उष्णता होऊन जाते. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी २०१४ मध्ये हा हिशोब अणू मोजून मांडला, आणि त्यांनी विचारलेल्या डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांपैकीही बहुतेकांना उत्तर आलं नव्हतं. १० किलो चरबी जाते तेव्हा त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडते, फक्त १.६ किलो पाणी होतं. म्हणजे बारीक होणारा माणूस अक्षरशः हवेत विरत असतो. लगेच कोणी भराभर श्वास सोडायला बसू नका, तसं केलं तर चक्कर येईल, श्वासाबरोबर कार्बन जातो तो आधी स्नायूंनी काम करून तयार करावा लागतो.

प्रश्न: नवरा संध्याकाळी सहाला कडक कॉफी पितो आणि साडेअकराला घोरायला लागतो. म्हणतो मला कॉफीने काही होत नाही. सकाळी मात्र तीन अलार्म. — कॉफीवाल्याची बायको

होतं, त्यांना कळत नाही इतकंच. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते आपल्या जागी जाऊन बसलं की झोप दाटते. कॅफिन त्या जागा आधीच अडवून बसतं, ॲडिनोसिन बाहेर ताटकळतं, साठतच राहतं. अंगातलं अर्धं कॅफिन संपायला सरासरी ५ तास लागतात, म्हणजे सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकरालाही फिरत असतं. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन (दोन-तीन मोठे कप धरा) दिलं तर झोप तासाहून जास्त कमी झाली, आणि लोकांना स्वतःला तेवढी कमी झाल्याचं जाणवलंही नाही, यंत्राला जाणवलं.

आता ५ तास ही सरासरी झाली. सिगरेट ओढणाऱ्यांत कॅफिन जवळजवळ दुप्पट वेगाने संपतं (सोडली की तोच कप अचानक जड जातो तो यामुळे), गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत उलट दुप्पट वेळ लागतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहून कितीतरी जास्त. भांडण न करता सिद्ध करायचं असेल तर दोन आठवडे कॉफी दुपारी बारानंतर बंद, आणि अलार्म मोजा. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल, ते मोजू नका.

प्रश्न: घरी बीपीचं मशीन आणलं. पाच मिनिटांत तीनदा घेतलं, १५२, १४१, १३४. मशीन बिघडलंय की मी? — तीन रीडिंगवाले

दोघेही ठीक असाल, घेतलं कसं ते लिहिलं नाहीत. पहिलं रीडिंग सहसा जास्तच येतं. जिना चढून आल्या आल्या, बोलत बोलत, पायावर पाय टाकून, लघवी तुंबलेली असताना, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, यातलं काहीही केलं तरी आकडा वर जातो. पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तरी जास्त दाखवतो. आणि हात हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली लोंबत असेल तर नुसत्या रक्ताच्या वजनानेच ७-८ आकडे जास्त येतात, हे भौतिकशास्त्र झालं, तुमच्या तब्येतीचा त्यात काही संबंध नाही. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी-सिगरेट नाही, मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि सरासरी लिहा. असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून तो कागद डॉक्टरांना द्या, एका दिवशीच्या १५२ पेक्षा तो कागद त्यांना जास्त कामाचा. स्वतःच्या मनाने गोळी वाढवू किंवा बंद करू नका.

जागा संपत आली, दोन प्रश्न पटापट.

प्रश्न: जिमनंतर दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते लॅक्टिक ॲसिड साठल्याने ना? ट्रेनर म्हणतो मालिश करून ते काढायचं.

नाही. स्नायूंतलं लॅक्टेट व्यायाम थांबल्यावर तासाभरात मूळ पातळीवर येतं, आणि तुमचं दुखणं टिपेला पोचतं एक ते तीन दिवसांनी, तोवर तो बिचारा कधीच निघून गेलेला असतो. दुखतं ते सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे आणि त्यांची दुरुस्ती चालू होते त्यामुळे, थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच असा अंदाज मांडला होता. ताणल्या जाणाऱ्या स्नायूने जोर लावला की जास्त दुखतं, म्हणून जिना चढण्यापेक्षा उतरल्यानंतर मांड्या जास्त बोलतात. तोच व्यायाम पुढच्या आठवड्यात केलात तर बराच कमी दुखेल. मालिश बरं वाटतं म्हणून खुशाल करून घ्या.

प्रश्न: नवरा दिवसभर बोटं मोडतो, मला तो कटकट आवाज सहन होत नाही. संधिवात होतो असं काही तरी छापा ना प्लीज.

छापलं असतं हो, पण होत नाही. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने आईचं हेच बोलणं ऐकून ५० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज दोनदा तरी मोडली, उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला, आणि १९९८ मध्ये कळवलं की संधिवात दोन्ही हातांत नाही. एकाच माणसाचा प्रयोग, त्यावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा, पण त्याला २००९ मध्ये इग नोबेल नावाचं गमतीचं बक्षीस मिळालं. आवाज हाडाचा नसतोच, सांध्यातल्या द्रवात ताण येऊन वायूची पोकळी तयार होते तिचा असतो, २०१५ मध्ये एमआरआयमध्ये ती तयार होताना दिसलीसुद्धा. आणि एकदा वाजलेला सांधा परत वाजायला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणजे एक बोट तासाला तीनदाच. दुर्दैवाने बोटं दहा आहेत.